मेरापीची राख आणि जोगजाची सहल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंडोनेशियातल्या जावा बेटावरचं योग्यकर्ता, तिथल्या लोकांच्या तोंडी नुसतं 'जोगजा', हे बोरोबुदूरचा बौद्ध स्तूप आणि प्रंबाननची हिंदू मंदिरं पाहायला जाणाऱ्यांचं मुक्कामाचं शहर. त्याच्या उत्तरेला मेरापी हा जागता ज्वालामुखी आहे. बातम्यांत मेरापीचं नाव आलं की आमच्याकडे तेच ते प्रश्न येतात. ते इथे एकत्र केले आहेत. काही उत्तरं एकमेकांवर अवलंबून आहेत, म्हणून प्रश्नांना क्रमांक दिले आहेत.

१. ही राख म्हणजे चुलीतल्या राखेसारखीच असते ना?

नाही. बहुतेक चुका या एका शब्दामुळे होतात. चुलीतली राख म्हणजे जळलेल्या लाकडातून उरलेला मऊ, हलका भाग, आणि ती हातानं झटकली की जाते. ज्वालामुखीची राख काही जळून उरलेली नसते. जमिनीखालचा वितळलेला रस आणि आजूबाजूचा खडक वायूच्या दाबानं फुटतो आणि त्याचा चुरा होतो, तीच ही राख. कण २ मिलिमीटरपेक्षा लहान, बरेचसे पिठासारखे बारीक, पण प्रत्येकाला काचेच्या तुकड्यासारखी धार. ती पाण्यात विरघळत नाही. भिजली की जड होते आणि वाळल्यावर सिमेंटसारखी धरून बसते. ताज्या राखेच्या कणांवर आम्लाचा पातळ थरही असतो, त्यामुळे डोळे चुरचुरतात आणि धातू गंजतो.

म्हणून एक सवय आधीच लावून घ्या: राख चोळायची नाही. ना डोळ्यांत, ना चष्म्यावर, ना गाडीच्या काचेवर.

२. राखेनं माणूस मरतो का? नेमकी भीती कशाची बाळगायची?

मेरापीवरून तीन वेगवेगळ्या गोष्टी खाली येतात आणि बातम्यांत त्या तिन्ही 'राख' या एकाच नावाखाली सांगितल्या जातात. त्या वेगळ्या ओळखता आल्या तर अर्धी काळजी आपोआप मिटते, आणि उरलेली अर्धी योग्य जागी जाते.

पहिली, वरून पडणारी राख. स्थानिक लोक तिला 'हुजान आबू' म्हणतात, म्हणजे राखेचा पाऊस. ती वाऱ्याबरोबर शेकडो किलोमीटर जाते. त्रास देते, विमानं थांबवते, दम्याच्या रुग्णाला आजारी पाडू शकते, पण धडधाकट माणसाच्या जिवावर सहसा उठत नाही.

दुसरी, उतारावरून लोटत येणारा वायू, राख आणि दगडांचा तापलेला लोंढा, 'आवान पानास', म्हणजे गरम ढग. जावानी लोक त्याला 'वेधुस गेंबेल' म्हणतात, दाट केसांची मेंढी, कारण लांबून तो तसाच गुबगुबीत दिसतो. आत तापमान शेकडो अंश आणि वेग गाडीपेक्षा जास्त. २०१० च्या उद्रेकात साडेतीनशेच्या आसपास माणसं गेली, त्यांतले बरेचसे बळी या ढगाचे होते. याच्यापुढे मास्क, गॉगल, गाडी, काही उपयोगाचं नाही. उपयोगाचं आहे ते फक्त अंतर.

तिसरी, लाहार, म्हणजे पावसानं उतारावरची राख आणि दगड कालवून नदीच्या पात्रातून खाली आणलेला चिखलाचा लोंढा. जगभरचे भूशास्त्रज्ञ वापरतात तो 'लाहार' हा शब्द मुळात जावानीच. त्याबद्दल प्र. १९ पाहा.

३. मेरापी शहरापासून किती लांब आहे?

शिखरापासून जोगजाचा मध्यभाग सुमारे ३० किलोमीटर, प्रंबानन सुमारे २५, बोरोबुदूर सुमारे २८. नवा विमानतळ तर जवळपास ६० किलोमीटरवर. कालीउरांग हे थंड हवेचं गाव मात्र शिखरापासून जेमतेम सहा-सात किलोमीटरवर आहे. 'आम्ही जोगजात उतरलोय' आणि 'आम्ही कालीउरांगला उतरलोय' या दोन वाक्यांत सुरक्षिततेच्या दृष्टीनं मोठा फरक आहे. हॉटेल बुक करताना नकाशा बघा. डोंगराचा देखावा दिसतो म्हणून स्वस्तात मिळणारी खोली बऱ्याचदा उतारावरची असते.

४. धोक्याच्या पातळ्या कोणत्या? 'सियागा' म्हणजे सहल रद्द करायची का?

इंडोनेशियात चार पातळ्या आहेत: नॉर्मल, वास्पादा (सावध), सियागा (सज्ज) आणि आवास (सर्वोच्च धोका). मेरापी ५ नोव्हेंबर २०२० पासून वर्षानुवर्षं सियागावर राहिला आहे आणि त्या काळात शहरातलं पर्यटन रोज चालू होतं. याचं कारण असं की पातळीबरोबर अंतरंही जाहीर होतात, आणि निर्बंध त्या अंतरांपुरता असतो. सियागाच्या काळात दिलेली अंतरं अशी: नैर्ऋत्येकडे बोयोंग नदीच्या बाजूनं ५ किलोमीटर, बेदोग, क्रासाक आणि बेबेंग नद्यांच्या बाजूनं ७ किलोमीटर, आग्नेयेकडे वोरोच्या बाजूनं ३ आणि गेंदोलच्या बाजूनं ५ किलोमीटर, स्फोट झाला तर दगड उडण्याचा पट्टा शिखराभोवती ३ किलोमीटर. ही अंतरं बदलतात, निघण्यापूर्वी ताजी बघा.

नुसत्या सियागावरून सहल रद्द करू नका. आवास जाहीर झालं किंवा अंतरं एकदम वाढवली गेली तर पुढे ढकला. २०१० मध्ये हे वर्तुळ १० वरून १५ आणि ५ नोव्हेंबरला २० किलोमीटरवर नेलं गेलं. शहर तेव्हाही वर्तुळाबाहेरच होतं, पण राख पडत होती, विमानतळ बंद होता आणि लाखो विस्थापित माणसांना निवारा द्यायचा होता. अशा वेळी पर्यटकानं तिथे खोली अडवून बसणं योग्यही नाही.

५. खरी माहिती कुठे बघायची? व्हॉट्सॲपवर भलतेच व्हिडिओ येतात.

'मागमा इंडोनेसिया' हे तिथल्या भूगर्भ खात्याचं अधिकृत संकेतस्थळ आणि ॲप. खास मेरापीवर नजर ठेवणारी संस्था जोगजातच आहे, बीपीपीटीकेजी. तिचे अहवाल दिवसातून अनेकदा येतात. भाषा इंडोनेशियन असली तरी फोनच्या भाषांतरावर काम भागतं. अहवालात तीन गोष्टी शोधा: पातळी, 'आवान पानास' किती मीटर गेला, आणि तो कोणत्या नदीच्या दिशेला. विमानांसाठीची सूचना वेगळी असते आणि हिरवा, पिवळा, नारिंगी, लाल अशा रंगांत येते. हा रंग राखेमुळे विमानांना असलेल्या धोक्याचा असतो, जमिनीवरच्या माणसांचा नाही. या दोन यंत्रणांची गल्लत करू नका. लाल रंग असतानाही जोगजातल्या मालियोबोरो रस्त्यावर दुकानं उघडी असू शकतात.

व्हिडिओबद्दल: २०१० चे आणि २०१४ चे व्हिडिओ दरवेळी नव्यानं फिरतात. सध्याचा प्रवासी विमानतळ २०१९ मध्ये सुरू झाला, त्यामुळे राखेखाली गेलेली विमानं आणि जुन्या आदिसुचिप्तो विमानतळाची पाटी दिसली की तो जुनाच समजा.

६. कोणत्या महिन्यात गेलं तर राखेचा त्रास कमी?

उद्रेकाला ऋतू नसतो, वाऱ्याला असतो. आपल्याकडे पावसाळा असतो तेव्हा, मे ते ऑक्टोबरच्या सुमारास, जावात कोरडा काळ असतो आणि वारा पूर्वेकडून येतो. त्यामुळे मेरापीची राख बहुधा पश्चिमेला, मागेलांग आणि बोरोबुदूरच्या बाजूला जाते. तिथल्या पावसाळ्यात खालचा वारा पश्चिमेकडून असतो.

पण हे सूत्र डोळे झाकून लावू नका, कारण वारा उंचीनुसार बदलतो. १३ फेब्रुवारी २०१४ च्या रात्री पूर्व जावातला केलूद ज्वालामुखी फुटला. जोगजापासून तो दोनशे किलोमीटरहून जास्त पूर्वेला आहे. भर पावसाळ्यात राख पूर्वेला जायला हवी होती, पण तिचा स्तंभ इतका उंच गेला की वरच्या थरातल्या पूर्वेच्या वाऱ्यानं ती पश्चिमेला नेली, आणि सकाळी जोगजाचे लोक जागे झाले तेव्हा रस्ते, छपरं, झाडं सगळं राखाडी होतं. मेरापीनं त्या रात्री काहीच केलं नव्हतं. म्हणून 'मेरापी शांत आहे ना' एवढंच विचारून भागत नाही.

लाहार टाळायचा असेल तर मात्र ऋतूचा सरळ फायदा आहे: जून ते ऑगस्ट.

७. पावसात विमानं उडतात, मग थोड्याशा राखेत का नाही?

जेट इंजिनच्या आतलं तापमान राखेतली काच वितळवण्याइतकं असतं. वितळलेली काच पुढच्या, थोड्या थंड पात्यांवर जाऊन गोठते, हवेची वाट अरुंद होते आणि इंजिन बंद पडतं. शिवाय वैमानिकासमोरच्या हवामान रडारला पाण्याचे थेंब दिसतात, कोरडी राख दिसत नाही. रात्री तर डोळ्यांनाही नाही.

२४ जून १९८२ ला हेच जावाच्या आकाशात घडलं. लंडनहून मुंबईमार्गे ऑकलंडला निघालेलं ब्रिटिश एअरवेजचं जंबो विमान गालुंगगुंग ज्वालामुखीच्या राखेत शिरलं आणि त्याची चारही इंजिनं थांबली. राखेच्या थराखाली उतरल्यावर ती पुन्हा सुरू झाली आणि विमान जकार्तात सुखरूप उतरलं, पण समोरची काच घासून इतकी धूसर झाली होती की वैमानिकांना धावपट्टी जेमतेम दिसत होती. आजची खबरदारी अशाच अनुभवांतून आली आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये इथिओपियातल्या हायली गुब्बी ज्वालामुखीची राख अरबी समुद्र ओलांडून वायव्य भारतावर आली, तेव्हा आपल्याकडच्या कंपन्यांनीही उड्डाणं रद्द केली ती याच कारणानं. विमान रद्द झालं तर काउंटरवरच्या माणसावर ओरडू नका. तो निर्णय तुमच्या जिवासाठी आहे.

८. मुंबई-पुण्याहून जायचं कसं, आणि तिकीट कसं काढावं?

थेट विमान नाही. क्वालालंपूर, सिंगापूर किंवा जकार्तामार्गे जावं लागतं. राखेच्या दृष्टीनं महत्त्वाचं एकच: सगळा प्रवास एकाच पीएनआरवर काढा. वेगवेगळी स्वस्त तिकिटं जोडली आणि जोगजाहून निघणारं विमान रद्द झालं, तर पुढच्या कंपनीच्या लेखी तुम्ही 'आलाच नाहीत', आणि ते पैसे बुडतात. एकाच पीएनआरवर पुढची सोय करणं कंपनीचं काम असतं.

दुसरी गोष्ट, शेवटचा मुक्काम जोगजात ठेवू नका. आधी जोगजा, मग बाली किंवा जकार्ता, मग घर, असा क्रम लावा आणि परतीच्या विमानाआधी दोन मोकळे दिवस ठेवा. राख पडली तर ते दिवस उपयोगी पडतात, नाही पडली तर फिरायला मिळतात.

९. विमानतळ बंद झाला तर बाहेर पडायचं कसं?

रेल्वेनं, आणि लगेच. राखेत विमानं थांबतात, आगगाड्या सहसा थांबत नाहीत. जोगजाच्या तुगू स्थानकावरून जकार्ताच्या गांबीरला साधारण सहा ते आठ तास लागतात, सुराबायाला चार-साडेचार. स्वस्त गाड्या लेंपुयांगान स्थानकावरून सुटतात. रिक्षावाल्याला स्थानकाचं नाव नीट सांगा. तिकिटं 'ॲक्सेस बाय केएआय' या ॲपवर मिळतात आणि पासपोर्ट क्रमांक लागतो. ॲप आधीच उतरवून खातं उघडून ठेवा, कारण विमानतळ बंद झाल्याची बातमी आली की जागा भराभर संपतात. आपल्या भारतीय कार्डानं पैसे भरले गेले नाहीत तर स्थानकाजवळच्या इंडोमारेत किंवा अल्फामार्त या दुकानांत रोखीनं भरता येतात.

कुठल्या दिशेला जायचं? राख जिकडे जातेय त्याच्या उलट. सोलो शहर लोकलनं तासाभराच्या थोडं पुढे आहे आणि तिकीट अवघं ८,००० रुपिया, पण सोलोचा विमानतळही मेरापीपासून ३५ किलोमीटरच्या आतच आहे, म्हणून राख पूर्वेला जात असेल तर तो पर्याय बाद. केलूदच्या वेळी तर सुराबायापासून जोगजापर्यंत सगळेच विमानतळ एकदम बंद होते. अशा वेळी जकार्ता गाठणंच शहाणपणाचं.

विमानतळ सुरू आहे की नाही हे कळायच्या आत ४० मिनिटांची विमानतळ-रेल्वे पकडून तिथे जाऊन बसू नका. तो शहरापासून लांब आहे आणि आजूबाजूला हॉटेलं मोजकी आहेत.

१०. पैसे परत मिळतात का? प्रवास विमा चालतो का?

विमान कंपनीनं स्वतः रद्द केलं तर परतावा किंवा दुसरं विमान, यांपैकी एक मागण्याचा तुम्हाला हक्क आहे; नुकसानभरपाई आणि हॉटेलचा खर्च मात्र नैसर्गिक कारणामुळे सहसा मिळत नाही. तुम्हीच घाबरून आधी रद्द केलं तर नेहमीचे रद्द करण्याचे नियम लागतात. म्हणून कंपनीच्या निर्णयाची वाट बघा.

विम्याची खरी मेख 'आधीच ठाऊक असलेली घटना' या कलमात आहे. उद्रेकाची बातमी आल्यावर काढलेला विमा त्या उद्रेकाला लागू होत नाही. तिकीट काढाल त्याच दिवशी विमा काढा, आणि विमा कंपनीला ईमेलवर हे दोन प्रश्न लेखी विचारा: ज्वालामुखीच्या राखेमुळे विमान रद्द झालं तर राहण्या-खाण्याचा खर्च मिळतो का, आणि मेरापी आधीपासून सियागावर असताना नवा उद्रेक 'ठाऊक असलेली घटना' धरला जातो का? उत्तर जपून ठेवा. दाव्यासाठी विमान कंपनीचं रद्द झाल्याचं पत्र, बोर्डिंग पास आणि प्रत्येक बिल लागतं.

११. अडकलो आणि व्हिसा संपला तर?

भारतीयांना मिळणारा आगमनावरचा व्हिसा ५ लाख रुपियाचा, ३० दिवसांचा, आणि एकदा ३० दिवसांनी वाढवता येतो. मुदतीपेक्षा जास्त राहिलात तर दंड दिवसाला १० लाख रुपिया. मुदत संपायला दोन-तीन दिवस असतानाच विमान रद्द झालं तर थांबू नका. विमान कंपनीचं पत्र घेऊन इमिग्रेशन कार्यालयात जा. २०१७ मध्ये बालीच्या अगुंग ज्वालामुखीमुळे विमानतळ बंद पडला तेव्हा अडकलेल्यांना असं पत्र दाखवून तात्पुरता परवाना मिळाला होता. पत्राशिवाय 'राख होती' एवढं सांगून भागत नाही. मुळात २८-२९ दिवसांचा कार्यक्रम आखूच नका.

१२. कोणता मास्क न्यावा? ओला रुमाल पुरतो का?

एन-९५ किंवा एफएफपी-२. माणशी आठवड्याला चार-पाच पुरतात. निळा सर्जिकल मास्क कडांनी उघडा असतो आणि बारीक राख तिथूनच आत जाते. दाढी असेल तर एन-९५ सुद्धा नीट बसत नाही. ओल्या रुमालाचा सल्ला सर्रास दिला जातो, पण भिजवल्यानं कापड जास्त गाळत नाही आणि श्वास घ्यायला मात्र जड जातं. काहीच नसेल तर कोरडी सुती ओढणी किंवा पंचा दोन-तीन घड्या करून धरा.

१३. लहान मुलं, गरोदर स्त्रिया, दम्याचे रुग्ण यांनी जावं का?

डोंगर शांत असेल तर जायला हरकत नाही. राख पडत असेल तर घरात राहणं हाच त्यांचा खरा उपाय आहे, मास्क नाही. लहान मुलाच्या चेहऱ्याला घट्ट बसणारा एन-९५ मिळणं कठीण असतं. दमा असलेल्यांनी इन्हेलर दोन न्यावेत, एक अंगावर आणि एक सामानात, आणि डॉक्टरांची चिठ्ठी बरोबर ठेवावी. गेल्या काही महिन्यांत दम्यासाठी दवाखान्यात भरती व्हावं लागलं असेल तर मेरापी जोरात असताना जोगजा टाळाच.

१४. रस्त्यात असताना राख पडायला लागली तर काय करायचं?

पळू नका, धापा टाकल्या की जास्त राख आत जाते. जवळच्या पक्क्या छपराखाली जा, झाडाखाली किंवा पत्र्याच्या शेडखाली नको. एक सेंटिमीटर ओली राख एका चौरस मीटरवर १० ते २० किलो वजन टाकते, आणि कच्ची छपरं त्यानं बसतात. मास्क लावा. कॉन्टॅक्ट लेन्स असतील तर लगेच काढून चष्मा घाला, कारण लेन्सखाली अडकलेला कण बुबुळाला ओरखडा काढतो. डोळ्यांत गेली तर न चोळता स्वच्छ पाण्यानं धुवा. आपला पावसाळी रेनकोट आणि छत्री इथे उत्तम कामाला येतात.

थांबल्यावर मोबाईलवर प्र. ५ मधल्या ठिकाणी बघा. तुम्ही शहरात असाल तर थांबा. तुम्ही कालीउरांगच्या बाजूला, उतारावर असाल तर थांबायचं नाही: 'जालूर एवाकुआसी' असे बाण असलेल्या पाट्या दिसतील, त्यांच्या दिशेनं दक्षिणेला खाली उतरा, नदीचं पात्र सोडून.

१५. हॉटेलच्या खोलीत काय काळजी घ्यावी?

खिडक्या बंद, दाराच्या फटीत ओला टॉवेल, आणि बाहेरची हवा आत घेणारा एसी बंद. आत येण्यापूर्वी कपडे दाराबाहेर झटका आणि बूट बाहेरच ठेवा. अंघोळीआधी केसांतली राख कोरडीच झटकून काढा, कारण थेट पाणी घातलं की चिखल होऊन मोरी तुंबते. केसांना तेल लावून बाहेर पडू नका, राख घट्ट धरून बसते. फरशीवर कोरडा झाडू मारला की राख पुन्हा हवेत उडते. आधी पाण्याचा हलका शिपका द्या, मग गोळा करून पिशवीत भरा. नळीनं धुऊन गटारात सोडू नका.

वीज जाईल हे गृहीत धरा. ओली राख वीजवाहक असते, खांबांवरच्या चिनी मातीच्या इन्सुलेटरवर बसली की ठिणग्या पडून तारा बंद होतात. पॉवर बँक, टॉर्च आणि दोन दिवस पुरेल इतकी रोख रक्कम जवळ ठेवा. एटीएमही विजेवरच चालतं.

१६. कॅमेरा आणि मोबाईलचं काय?

राखेत भिंग बदलू नका. भिंगावरची राख कापडानं पुसू नका, रबरी फुंकणीनं उडवा. मोबाईल चेनच्या प्लास्टिक पिशवीत ठेवा. पिशवीतूनही फोन वापरता येतो.

१७. खाणं-पाणी सुरक्षित असतं का? आम्ही शाकाहारी आहोत.

बाटलीबंद पाणी प्या आणि राखेची बातमी आली की माणशी सहा लिटर आधीच आणून ठेवा. उघड्या विहिरी आणि टाक्यांत राख पडली की पाणी गढूळ होतं, आणि गढूळ पाण्यावर क्लोरीनचा परिणाम कमी होतो. राखेच्या दिवशी उघड्या गाड्यांवरचं नको. फळं सोलून खा.

शाकाहाराबद्दल: तेंपे आणि ताहू (सोयाबीनचे) सगळीकडे मिळतात. गुदेग हा कोवळ्या फणसाचा पदार्थ आपल्या फणसाच्या भाजीची आठवण करून देतो, पण त्यात अंडं आणि कोंबडी असते, ती वेगळी काढायला सांगावी लागते. चटण्यांत 'तेरासी' म्हणजे कोळंबीची पेस्ट असते. 'तानपा तेरासी, तानपा दागिंग' (तेरासी नको, मांस नको) असं सांगा. दुकानं बंद राहिली तर सोबतचा खाकरा, भडंग, मेतकूट दोन दिवस निभावून नेतं.

१८. बोरोबुदूर आणि प्रंबानन राखेनंतर का बंद ठेवतात? झाडून उघडता येत नाही का?

दगड वाचवण्यासाठी. राख आम्लधर्मी असते, शिल्पांच्या खाचांत बसते आणि बोरोबुदूरच्या आतले पाणी वाहून नेणारे मार्ग बुजवते. त्यावर माणसांचे पाय पडले की ती सँडपेपरसारखी दगड घासते. २०१० मध्ये बोरोबुदूरची सफाई महिनोन्‌महिने चालली. २०१४ मध्ये पुन्हा राख पडू नये म्हणून स्तूपांवर प्लास्टिक घातलं होतं. म्हणून तिकीट रद्द झालं तर हुज्जत घालू नका. एरवीही बोरोबुदूरवर चढायला मर्यादित संख्या, ठरलेली वेळ आणि मंदिराकडून मिळणाऱ्या खास चपला बंधनकारक आहेत. त्या चपलांचं नाव 'उपानत', आपल्या संस्कृतातला 'उपानह्' तो हाच.

दोन्हींपैकी एकच उघडं असेल तर? मेरापीची राख पश्चिमेला गेली असेल तेव्हा प्रंबानन बहुधा चालू असतं. तिथला शिवाचा मुख्य गाभारा, आतली महिषासुरमर्दिनी, गणेश आणि भिंतींवरचं कोरीव रामायण यांना अर्धा दिवस सहज द्यावा.

१९. राख पडून आठवडा झाला, ऊन पडलंय. आता जीप सफारी आणि नदीकाठ चालेल ना?

शहरात फिरा, पण मास्क खिशात असू द्या; गाड्यांमुळे आणि वाऱ्यानं राख कित्येक दिवस पुन्हा पुन्हा उडत राहते. स्कूटर भाड्यानं घेणार असाल तर रस्ता पूर्ण धुतला जाईपर्यंत थांबा. मिलिमीटरभर राखेवरही चाक वाळूवर घसरावं तसं घसरतं आणि रस्त्यावरचे पट्टे दिसेनासे होतात. गाडीच्या काचेवर आधी भरपूर पाणी, मगच वायपर.

जीप सफारी दक्षिण उतारावरच्या चांक्रिंगान भागात, २०१० मध्ये उद्ध्वस्त झालेल्या गावांतून जाते. अधिकृत मार्ग उघडा असेल तरच जा, आणि चालक 'अजून थोडं वर नेतो' म्हणाला तर नको म्हणा. कालीआदेमचा बंकर दाखवतात; २००६ मध्ये गरम ढग आला तेव्हा तिथे आसरा घेतलेले दोन स्वयंसेवक आतच मरण पावले. काँक्रीटच्या जाड भिंतींनीही अंतराची जागा भरून निघाली नाही. शिखरावरची चढाई मे २०१८ पासून बंद आहे. चोरवाटेनं नेणारा वाटाड्या भेटला तरी जाऊ नका.

नदीकाठाचं उत्तर मात्र ठाम 'नाही' असं आहे, विशेषतः नोव्हेंबर ते एप्रिल. तुमच्या डोक्यावर ऊन असताना शिखरावर पाऊस पडत असू शकतो, आणि लाहार पात्रातून तासाभरात खाली येतो. जानेवारी २०११ मध्ये, उद्रेकाचा जोर ओसरून दोन महिने झाल्यावर, कली पुतीह नदीच्या लाहारनं जोगजा-मागेलांग महामार्ग कापला आणि काठावरची घरं गाडली. बोरोबुदूरला जाणारी गाडी याच बाजूनं जाते. पावसाळ्यात निघाल तर सकाळी लवकर जाऊन दुपारच्या पावसाआधी परत या. पुलावर गर्दी थांबून पाण्याकडे बघत असेल आणि वरच्या अंगानं मालगाडीसारखा घरघराट ऐकू आला, तर पूल ओलांडू नका. मागे फिरा आणि उंच जागा गाठा.

२०. मेरापीची राख विभूती म्हणून घरी आणावी का? अंगाला लावली तर?

लावू नका. विभूती शेणीची, मऊ असते, ही काच आहे (प्र. १), त्वचा खाजते आणि डोळ्यांत गेली तर इजा करते. भांडी घासायलाही नको, नॉनस्टिक तव्यावरचा थर निघून जाईल. माती आणि मातीसारखे पदार्थ परवान्याशिवाय आणले तर भारतातल्या विमानतळावर अडवले जाऊ शकतात, म्हणून बाटलीत भरून विकायला ठेवलेली राख तिथेच राहू द्या. मेरापीच्या जावानी भक्तांनाही डोंगर घरी न्यावासा वाटत नाही, ते त्याला डोंगरावरच नैवेद्य दाखवतात.